भिंतीचा घास

त्या रविवारी सकाळी पावणेसहाला गजाभाऊ खोकला नाही.

आमच्या दोन घरांची मधली भिंत एकच. त्या भिंतीतून चाळीस वर्षं मला रोज त्याचा पहिला खोकला ऐकू यायचा, मागोमाग तांब्या-भांड्याचा आवाज आणि मग रेडिओ. आमचं बोलणं बंद होऊन तेव्हा आठ महिने झाले होते, पण खोकला काही कुणी बोलण्यात धरत नाही. मी त्यावरच उठायचो. त्या दिवशी सहा वाजले, सव्वासहा झाले. मी अंथरुणावर बसून भिंतीकडे बघत राहिलो. साडेसहाला पलीकडून भिंतीवर तीन थापा पडल्या. माझी बायको हिरा होती तेव्हा गजाभाऊची बायको गोदाक्का विरजण मागायला अशी थाप मारायची. एकच मारायची. तीन थापा मी कधी ऐकल्या नव्हत्या, तरी कशाच्या ते कळलं.

गेलो. गजाभाऊ कुशीवर होता, एक हात उशीखाली. गोदाक्का पायाशी बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, “पेंटर, डॉक्टरला बोलवा. उपयोग नाही, पण कागद लागतो.”

मी पेंटर आवटी. पाणवेशीतल्या दुकानांच्या पाट्या मी रंगवल्या. गजाभाऊ म्हणजे ‘तारळेकर टी क्लब’. त्याची पाटीही माझीच. पाणवेस हा आमच्या शहराचा जुना बाजार. गजाभाऊ गेला त्याच्या तीन वर्षं आधी पाणवेशीचं पुनरुज्जीवन झालं. त्याआधी ती मेलेली होती, हे आम्हाला चौकात लावलेल्या फलकावरून समजलं.

पुनरुज्जीवन म्हणजे जुन्या फरशा काढून घोटीव दगड बसवले, त्यावरून आम्ही म्हातारे घसरतो. गावात कधी नव्हते असे जुन्या पद्धतीचे दिवे लावले. वेशीजवळचा पाण्याचा नळ काढून तिथं पाणवेशीवर प्रेम आहे असं सांगणारी माणसाएवढी लाल अक्षरं उभी केली. अक्षरांची ठेवण वाईट आहे, पण मला कुणी विचारलं नाही. मग दुकानं उठली. भुसाऱ्याच्या जागी कॉफी आली, कासाराच्या जागी पिझ्झा आणि सरकी-पेंडीच्या वखारीत बिअर. गजाभाऊनंही टी क्लब भाड्यानं दिला. वेशीपासून विहिरीपर्यंत दोनशे पावलांत खाण्यापिण्याची एकोणीस ठिकाणं झाली. मी मोजली, कारण पाट्या आता यंत्रावर होतात आणि मला दुसरं काम नव्हतं.

माझ्या जुन्या पत्र्याच्या पाट्यांना मात्र भाव आला. भंगारातून शोधून आणून त्या लोकांनी भिंतींवर लावल्या. ‘येथे केस विंचरू नयेत’ ही पिझ्झाच्या दुकानात आहे. ‘एका चहावर तासभर बसू नये’ ही गजाभाऊसाठी रंगवलेली पाटी कॉफीवाल्याकडे आहे. तिच्याखाली माणसं एका कॉफीवर दुपार काढतात आणि पाटीचे फोटो घेतात. ‘बाहेरचे खाद्यपदार्थ आत आणू नयेत’ ही माझ्या दारासमोरच्या ‘माजघर’ नावाच्या हॉटेलाच्या काचेच्या दारावर आहे. त्यातला ‘द्य’ मला चांगला साधला होता.

रविवारी पाणवेशीत गाड्यांना बंदी. वेशीत लोखंडी खुंट आहेत. शववाहिका खुंटाशी येऊन थांबली. तिथला पहारेकरी म्हणाला, खुंट काढायला कार्यालयाची परवानगी लागते आणि कार्यालय रविवारी बंद असतं. मग आम्ही गजाभाऊला खांद्यावर घेतलं. बोलणं बंद असलं तरी पुढचा उजवा खांदा माझाच होता, त्यात वाद नव्हता.

अकरा वाजले होते. रस्त्याच्या मधोमध टेबलं-खुर्च्या मांडून लोक नाश्ता आणि जेवण एकदमच उरकत होते. आम्ही येताना दिसलो तशा खुर्च्या सरकायला लागल्या. कुणी बशी उचलून धरली, कुणी कुत्रं मांडीवर घेतलं. गिटारवाल्यानं गाणं थांबवलं, आम्ही दोन टेबलं पुढे गेल्यावर उरलेली ओळ म्हटली. एका बाईंनी मला हळूच विचारलं, ही इथली काही परंपरा आहे का, दर रविवारी असते का. मी सांगितलं, नाही, रोज असते, पण वेगवेगळ्या घरांतून. एका मुलीनं मात्र हातातला काटा खाली ठेवला, उभी राहिली आणि आम्ही जाईपर्यंत उभीच राहिली. ती तिथं कुठल्या गावाहून आली होती कोण जाणे.

दीडच्या सुमाराला सगळं आटोपून घरी आलो. आंघोळ केली, पडलो. तीनला मागचं दार वाजलं. आमची दोन घरं मागं एकाच परसात उघडतात. दारात गोदाक्काची धाकटी बहीण सिंधू उभी होती, सकाळीच अथणीहून आलेली. तिनं सांगितलं की अक्कानं काल रात्रीपासून पाणी सोडून काही घेतलेलं नाही. तिला साखरेचं दुखणं. चहा-बिस्कीट पुढं केलं तर हात आडवा करते. चक्कर येते म्हणून भिंतीला टेकून बसली आहे.

“भिंतीचा घास आल्याशिवाय खाणार नाही म्हणती,” सिंधू म्हणाली. “मी आणते तर म्हणती, तू रक्ताची, तुझा चालत नाही. दिवेलागणीपर्यंत आला तर आला.”

इथं रीत सांगायला हवी. मयताच्या घरी चूल पेटत नाही, बाहेरून जेवण येतं. त्याला आम्ही कडू घास म्हणतो. भात आणि पिठलं. पिठल्याला फोडणी नाही, हळद नाही, मीठ-मिरची काय ती. हे पुष्कळ ठिकाणी आहे. पाणवेशीत त्याच्यावर एक जास्तीचं आहे. पहिला घास भिंतीचा. ज्यांच्या घराची भिंत लागून आहे त्यांनी आणायचा, नातेवाइकांनी नंतर. आणणाऱ्यानं वाढायचं आणि समोर बसायचं. घास पोटात जाईपर्यंत बोलायचं नाही. डबा तिथंच ठेवायचा आणि तेराव्याला आपण जाऊन परत आणायचा. आणि हे सगळं दिवे लागायच्या आत, नाहीतर त्या दिवशी उपास.

हिराचा त्यासाठी निराळा डबा होता. पितळी, कडीचा, आतून कल्हई केलेला. स्वयंपाकघरात मागच्या दाराजवळ खिळ्याला असायचा. एरवी त्याला कुणी हात लावायचा नाही. भिंत नसलेल्या घरीसुद्धा लोक हिराला बोलवायचे, कारण तिचं पिठलं बिनफोडणीचंही घशाखाली उतरायचं.

आणि हिरा गेली तेव्हा आमच्याकडे भिंतीचा घास आला नाही. आमच्या घराला एका बाजूला बोळ आहे. भिंत एकच, गजाभाऊची. बोलणं बंद झालं ते त्यावरून. मी बोललो नाही, तोही बोलला नाही. समोरासमोर आलो की तो चपलेकडे बघायचा. मला वाटलं, चोराला काय तोंड असणार.

सिंधू दारात उभी होती. माझ्या मनात आलं ते सांगतो. मनात आलं की राहू दे एक दिवस उपाशी. त्या घराची दुसरी भिंत वॅफलवाल्याची आहे. रीत रीत म्हणता तर त्यालाही सांगा, पाठवेल वरून चॉकलेट ओतून. हे सगळं जिभेवर होतं. पण सिंधूच्या मागं, परसात, हिराचा पाटा-वरवंटा दिसत होता. मी म्हटलं, आणतो.

अडचण अशी की मला स्वयंपाक येत नाही. हिरा गेल्यापासून घरात गॅस पेटलेला नव्हता. खाणावळीचा डबा यायचा, रविवारी तोही नाही. पण दारासमोर एकोणीस हॉटेलं असताना एका बाईपुरता भात आणि पिठलं मिळणार नाही, असं मला वाटायचं काही कारण नव्हतं. शहराच्या माहितीपत्रकात लिहिलं आहे की पाणवेशीत जिभेची प्रत्येक इच्छा पुरी होते.

आधी वखारीत गेलो. आत अंधार आणि भल्यामोठ्या तांब्याच्या टाक्या. वाढप्यानं मला फोनवर चौकोन टिपून पदार्थांची यादी बघायला सांगितली. माझ्या फोनला बटणं आहेत. मग त्यानं वाचून दाखवलं. पिठलं होतं. ‘पिठलं फॉन्ड्यू’, मेणबत्तीवर ठेवलेल्या वाटीत, बरोबर आंबट पावाचे तुकडे आणि ते टोचायला लांब काटे. मी म्हटलं, काटे नकोत, पाव नको, फोडणीही नको.

“जैन करून देऊ?” त्यानं विचारलं.

“जैन नाही. मयताचं.”

तो आत जाऊन विचारून आला. म्हणाला, जैन आहे, व्हीगन आहे, ग्लूटेन नसलेलं आहे, हे चौथं नाही. मी म्हटलं, फोडणी घालायची नाही एवढंच आहे त्यात. तो म्हणाला, पिठलं सकाळीच फोडणीसकट होऊन येतं, इथं फक्त मेणबत्ती लावतात.

म्हटलं, निदान भात तरी घ्यावा, पिठल्याचं पुढं बघू. भुसाऱ्याच्या शेजारी एकानं निव्वळ भाताचंच दुकान काढलं होतं. तिथं माणूस नव्हता, काच होती. काचेवर बोट लावून भात निवडायचा, मग त्यावर काय काय घालायचं ते निवडायचं. मी भात निवडला आणि बाकी काही निवडलं नाही. काच पुढं जाईना. कमीत कमी दोन गोष्टी निवडा, असं तिच्यावर येत राहिलं. माझ्यामागं रांग झाली. एका तरुणानं मदत केली, त्यानं माझ्या वतीनं मका आणि ऑलिव्ह दाबलं. मी त्याचे आभार मानून रांगेतून बाहेर आलो. नुसता भात विकत मिळत नाही, हे मला सत्तराव्या वर्षी कळलं.

राहिलं माजघर. तिथं मी जाणार नव्हतो. का ते पुढं येईल. पण साडेचार झाले होते आणि तिथं घरगुती मिळतं असं काचेवरच लिहिलं होतं, ‘आजीच्या हातचं’. दारावरची माझी पाटी ओलांडून आत गेलो. मुली नऊवारी नेसून, कानाला यंत्र लावून उभ्या होत्या. मी आजीला भेटायचं आहे म्हणून सांगितलं. वयानं मोठी बाई असेल तर एका वाक्यात समजेल, असा माझा हिशेब होता.

मुलगी म्हणाली, “काका, आजी अशी नाही. आजी हा कॉन्सेप्ट आहे.”

मग मॅनेजर आला. चांगला माणूस होता, उगाच नावं ठेवणार नाही. मी सांगितलं ते त्यानं वहीत लिहून घेतलं, फोडणी नाही याच्याखाली रेघ मारली. वीस मिनिटं लागतील म्हणाला. मग माझ्याकडे निरखून बघत त्यानं विचारलं, “काका, तुम्ही आधी आलाय ना आमच्याकडे? त्या खिडकीजवळच्या टेबलावर?”

मी म्हटलं, माझ्यासारखे पुष्कळ दिसतात.

वीस मिनिटांनी पिशवी आली. खाकी कागदाची, सुतळी बांधलेली, वर ‘पोटभर जेवा, मनभर हसा’ असं छापलेलं. मी पायरीवर बसून ती उघडली. केळीच्या पानात भात, त्यावर झेंडूच्या पाकळ्या. मडक्यात पिठलं, आणि पिठल्यावर लाल तेल, कढीपत्ता, परतलेले तीळ. मी आत गेलो. मॅनेजरनं वही दाखवली, त्यात बरोबर लिहिलं होतं. मुदपाकखान्यात विचारलं, तर आचारी म्हणाला की साधं पिठलं देताना त्याला कसंतरीच झालं, म्हणून त्यानं आपल्या मनानं फोडणी दिली, त्याचे वेगळे पैसे लावलेले नाहीत. त्याच्या चांगुलपणावर मी काय बोलणार. पिशवी खुंटाजवळच्या पहारेकऱ्याला दिली. त्यानं आवडीनं खाल्लं.

पाच वाजून गेले होते. दिवेलागणीला फार तर सव्वा तास. मी घरी आलो आणि आठ महिन्यांनी गॅसची कळ फिरवली.

हिराला मी पिठलं करताना हजार वेळा बघितलं होतं. बघितलं म्हणजे स्वयंपाकघरात बसून पाट्यांचे कागद आखत होतो. पाणी आधी की पीठ आधी, एवढंसुद्धा आठवेना. तांदळाला पाणी बोटाच्या पेरानं मोजतात, हे आठवलं. कुठल्या बोटाच्या, ते नाही. भात खाली लागला. पिठाच्या गुठळ्या झाल्या, त्या मी रंग घोटायच्या सवयीनं पातेल्याच्या कडेला रगडत बसलो. चव घेता येत नव्हती, कारण घास दुसऱ्याचा. मीठ अंदाजानं टाकलं. मग डब्यासाठी मागच्या दाराकडे वळलो तर खिळा रिकामा.

हिराच्या तेराव्याला सून आणि तिची आई भांडी आवरत होत्या. त्यांनीच नेला असणार असं धरून चाललो. माझ्या घरातून हिराचा डबासुद्धा गेला आणि मला आठ महिने पत्ता नाही, याचा राग माझा मलाच आला. पातेल्यातच एका बाजूला भात आणि एका बाजूला पिठलं केलं, ताटलीनं झाकलं, फडक्यात बांधलं आणि परसातून गेलो. समोरच्या रस्त्यावर तेव्हा दिवे लागत होते.

गोदाक्का भिंतीला टेकून बसली होती, आमच्याच भिंतीला. सिंधूनं ताट मांडलं आणि ती बाहेर ओट्यावर गेली. मी वाढलं, समोर बसलो. गोदाक्कानं पातेल्याकडे बघितलं, मग ताटाकडे. एक घास घेतला. सावकाश चावला आणि गिळला. मग दुसरा, तिसरा. सगळं संपवलं. पाणी प्याली.

“गुठळ्या झाल्यात,” ती म्हणाली.

“पहिल्यांदाच केलं.”

“कळतंय.” पदरानं तोंड पुसून ती म्हणाली, “सिंधू तीनला आलती तुमच्याकडं. एवढा वेळ कुठं होतासा?”

“हॉटेलांतून बघत होतो. कुठं साधं मिळतंय का.”

“हॉटेलांतून,” ती म्हणाली. “त्या दिवशी पण तुम्हाला हॉटेलच सुचलं.”

मी गप्प बसायला हवं होतं, पण आठ महिने साठलेलं होतं. म्हणालो, “त्या दिवशी या भिंतीचा घास आला असता, तर नसतं सुचलं.”

ती उठली. भिंतीचा आधार घेत आतल्या खोलीत गेली. मला वाटलं, आता ही मला बाहेर काढणार. परत आली तेव्हा तिच्या हातात हिराचा डबा होता. घासलेला, कडी वर केलेली. तिनं तो माझ्या पातेल्याशेजारी ठेवला.

“हिरानं दवाखान्यात जाताना मला सांगून ठेवलं होतं,” ती म्हणाली. “काही झालं तर माझाच डबा वापर. तुझ्या डब्याचं झाकण घट्ट बसत नाही, वाटेत सांडशील. आपल्या घासाची सुद्धा तयारी करून गेली बाई. तुम्ही सगळे मसणात होतासा तेव्हा मागच्या दारानं आत जाऊन घेतला. केलं, भरलं. दिवेलागणीला तुमच्या पुढच्या दारात आले तर कुलूप.”

ती परत भिंतीला टेकून बसली.

“म्हटलं, पाव्हण्यांना पोचवायला गेले असतील. पायरीवर बसले. समोर ती काच. काचेत तुम्ही. पोरगा, सून, तिची आई. तुमच्या हातात चमचा होता. काहीतरी गोड खात होतासा.”

ते खरं आहे. मशानातून आल्यावर घरात कुणी बोलत नव्हतं. आमचा प्रसन्न हैदराबादला असतो. त्याला रीत अर्धी माहीत होती. तो म्हणाला, बाबा, आज घरात गॅस पेटवायचा नसतो ना, मग समोर जाऊन बसू, साधं काहीतरी घेऊ. मला उरलेली अर्धी रीत माहीत होती, आणि मी ती सांगितली नाही. मला भूक लागली होती. दोन दिवस दवाखान्यात मी धड जेवलो नव्हतो. खिडकीजवळचं टेबल मिळालं. मी आजीची थाळी मागवली आणि सगळी खाल्ली. जेवण चांगलं होतं. शेवटी त्यांच्याकडून भेट म्हणून खरवसाची वाटी आली. हिराला जाऊन आठ तास झाले होते. मी ती वाटी चमच्यानं खरवडून खाल्ली, हेही खरं आहे. घरी येऊन झोपलो, आणि दुसऱ्या दिवशी भिंतीचा घास आला नाही म्हणून राग धरला.

“हाक तरी मारायची होती,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, तिला आला.

“डबा घेऊन आत यायचं? दारावर पाटी हाय, बाहेरचे खाद्यपदार्थ आत आणू नयेत. मला वाचता येतंय पेंटर. तुमचीच हाय ती.”

आम्ही हात धुवायला उठेपर्यंत ती पायरीवर बसली होती. मग उठून परसातल्या गाईसाठीच्या घमेल्यात ते ओतलं. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं.

“हे काय म्हणाले?” मी विचारलं. नाव घ्यायचं धाडस झालं नाही.

“म्हणाले, कुणाला बोलू नको. माणूस लाजेल. आणि म्हणाले, मी आता पेंटरशी बोलतच नाही. बोललो की माझ्या तोंडातून जाईल, माझं तोंड तुला माहीत हाय.” मग भिंतीकडे मान करून म्हणाली, “आठ महिने पाळलं त्यांनी. सकाळी तुमच्या घरात नळाचा आवाज झाला की म्हणायचे, उठला पेंटर.”

बाहेर गिटारवाला सुरू झाला होता. सकाळचंच गाणं होतं. मी पातेल्याच्या काठाला लागलेलं पीठ बोटानं पुसलं. मग हात पुढं केला आणि म्हणालो, डबा नेतो.

तिनं डबा आपल्याकडे ओढून घेतला.

“हा रिकामा जात नाही. तुमचा घास राहिलाय. या एक दिवस, मी भरते. माझ्यापुढं बसून खायचा, मग न्यायचा.”

मी उठलो. मयताच्या घरातून निघताना येतो म्हणायचं नसतं, त्यामुळं काही न बोलता बाहेर पडता आलं.

याला सहा वर्षं झाली. पाणवेशीत आता सव्वीस ठिकाणं आहेत. मी दारात बसलेला असतो म्हणून लोक मला विचारतात, काका, इथं खायला चांगलं कुठं. मी नीट सांगतो. बिअर हवी तर वखार, पण शनिवारी आवाज फार. कॉफी विहिरीजवळची, बसायला भुसाऱ्याची. थाळी माजघरातली, खरवस मागून घ्या, चांगला असतो. तुम्ही कुठं जेवता असं एकानं विचारलं, त्याला सांगितलं की मी घरी करतो. आता गुठळ्या होत नाहीत.

गजाभाऊच्या तेराव्याला मी पातेलं आणायला जायला हवं होतं. गेलो नाही. त्यामुळं गोदाक्काकडे माझी दोन भांडी आहेत, पातेलं आणि डबा. परसात भेटली की ती काही म्हणत नाही, फक्त विचारते, जेवलासा का. पहाटे पावणेसहाला आता भिंतीपलीकडे ती खोकते आणि मी उठतो.

डबा आणायला मी अजून गेलेलो नाही.